नावापुढची वेळ

शनिवार, १२ मे २००७
हिंगोली

गप्पांच्या साइटचं नवं रूप मला पटलेलं नाही. जुन्या पानावर नाव आणि मजकूर, एवढंच असायचं. आता प्रत्येकाच्या नावापुढे तो शेवटचा किती वाजेपर्यंत साइटवर होता तेही दिसतं. ही चौकशी हवीय कोणाला? जुनंच पान परत आणा असं लिहिलं, तर 'पुणेकर' नावाच्या सभासदाने टोमणा मारला, 'नवं झेपत नाही का, सर?' मी मास्तर आहे हे तिथे कोणालाच माहीत नाही. मग सर काहून?

आज सायबर कॅफेत बसलो असताना लाइट गेली. रोज मी तसाच उठून घरी येतो, आज थांबलो. लाइट आल्यावर पाहिलं, तर पुणेकराच्या नावापुढे सव्वासहा. कॅफेवाल्या सलीमभाईंना विचारलं, लाइट कधी गेली होती?

"सव्वासहाला बराबर. रोजचंच हाय की, सर."

पुण्यातली लाइटही सव्वासहालाच जाते? माझ्या मागच्या केबिनमध्ये कोण बसलं होतं ते मी पाहिलंच नाही.

घरी येताना डोक्यात आलं. रोजचंच, म्हणजे माझ्याही नावापुढे रोज सव्वासहाच राहत असणार. आणि तिथे मी दोन वर्षांपासून 'नाशिककर' आहे.