देवाच्या अंगावरचे तेल

धारवाड, बुधवार

गंगव्वाक्का, तुझ्या पायांवर धाकट्या फकीरप्पाचे डोके आहे असे समज.

सोमवारी सकाळी विद्यापीठात टपाल वाटताना वनस्पतिशास्त्र विभागात जरा थांबलो. आपण शंकराला वाहतो ते तुंब्याचे फूल तिथे कागदावर चिकटवलेले आहे. भूगर्भशास्त्रात आपल्याकडची लाल माती बाटलीत ठेवली आहे. गाव सोडून सव्वीस वर्षे झाली, आठवण आली की मी असा एखाद्या विभागात डोकावून येतो.

इतिहासाचे हिरेमठ सर वर्षभर मागे लागले होते. आपल्या तळ्याकाठच्या देवाच्या दगडावर जुना लेख आहे, पण तेलाच्या थराने तो बुजला आहे. दगड धुऊन कागदावर ठसा घ्यायला आपल्या पुजारी घराण्याची संमती हवी.

"फकीरप्पा, देवाला अंघोळ घालायला इतका विचार?"

"सर, ते तेल माझ्या बापाच्या हातचं आहे."

"आणि खालची अक्षरंही कुणाच्या तरी बापाच्याच हातची ना?"

लहानपणी तेल चोळताना बोटांना खाचा लागायच्या. अप्पा म्हणायचे, "देव म्हातारा झालाय, सुरकुत्या आहेत त्या." आठवते ना?

तुझा गुडघा कसा आहे? दिवा लावायला जाताना पायऱ्या जपून उतर. तू रागावशील म्हणून आधी विचारले नाही, हे खरे.

सोमवारीच दुपारी बसवण्णाचे नाव घेऊन संमतीपत्रावर सही केली. दगड धुताना पाण्याचा पहिला तांब्या माझ्या अक्काच्या हातून पडावा, एवढे त्यात लिहून दिले आहे.

तुझा,
फकीरप्पा