पिचरशी कोणी बोलत नाही

पाइनफोर्ड, जॉर्जिया
१२ जून १९५६

ती. अर्डिथताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि बिस्किटं दोन्ही पोहोचली. पत्र माझ्या हाती, बिस्किटं माझे चेंडू झेलणाऱ्या आमच्या कॅचरच्या पोटात.

इथे संध्याकाळी बेसबॉलच्या मैदानाचे दिवे लागले की त्यांच्याभोवती पाखरं जमतात आणि उकाड्यात सगळं हळूहळू तरंगायला लागतं. हल्ली चेंडू मी टाकतोय असं वाटतच नाही, तो आपणहून निघतो. मला समोर आपलं कोठार दिसतं आणि त्याच्यापुढे ग्लोव्ह धरून उकिडवे बसलेले बाबा. भानावर येतो तेव्हा फलंदाज आउट झालेला असतो. सारखा जिंकतोय, ताई.

पण मे महिन्यातल्या त्या एका पत्रानंतर बाबांचं अक्षरही नाही. मका पेरायच्या तोंडावर घर सोडलं म्हणून रागावलेत का? तूच विचारून बघ. ते रागावले असतील तर इथल्या टाळ्यांत मला राम वाटणार नाही.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
लाइल


हॅलमन, आयोवा
३ जुलै १९५६

चि. लाइल यास,
अनेक आशीर्वाद.

विचारलं. बाबांनी ताट सरकवलं, गाईंकडे बघायचंय म्हणाले आणि गेले. गाईंचं सगळं तासाभरापूर्वीच झालं होतं. तुझं नाव निघालं की ते उठतात. आई म्हणते, हा माणूस नाही, दगड आहे. खोटं कशाला सांगू, मलाही तो रागच वाटतो.

मका माझ्या खांद्याला लागलाय. वारा सुटला की शेत झोपेत कूस बदलल्यासारखं हलतं. तुझ्या कॅचरला सांग, बिस्किटं खाल्लीच आहेत तर निदान आभाराचं कार्ड तरी टाक.

प्रकृतीला जप, आम्हाला आठवत राहा.
तुझी,
अर्डिथताई


शिकागो
२१ ऑगस्ट १९५६

ती. अर्डिथताईस,
सा. न. वि. वि.

पत्ता बघ आणि मग खुर्चीत बस. मॅनेजरने बोलावून सामान बांध म्हटलं तेव्हा मला वाटलं, हाकलतोय. मोठ्या संघात घेतलंय मला. रविवारी पहिला सामना.

पाइनफोर्डच्या शेवटच्या सामन्यात समोरच्यांना एकही फटका मिळाला नाही. सातव्या डावानंतर आमचेच लोक बाकावर माझ्यापासून दूर सरकून बसले. रीतच आहे ती. असा डाव रंगला की चेंडू टाकणाऱ्या पिचरशी कोणी बोलत नाही, बोललं की नाट लागते. मी एकटाच टोपी डोळ्यांवर ओढून बसलो होतो, पाण्याखाली बसल्यासारखा.

बाकावरची शांतता मला कळते. घरची कळत नाही. बाबांची एक ओळ आली नाही, तर हंगाम संपताच गाशा गुंडाळून कणसं तोडायला येईन. त्यांच्या मनाविरुद्धचं हे मोठेपण मला पेलणार नाही.

सगळ्यांना नमस्कार, बाबांना जरा जास्तच.
तुझा,
लाइल


हॅलमन, आयोवा
२७ ऑगस्ट १९५६

चि. लाइल यास,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

काल रेडिओवर तुला हरताना ऐकलं. चौथ्या डावात चांगलाच धुतला तुला. वाईट वाटलं, आणि मग सुटल्यासारखंही वाटलं. आता लिहायला हरकत नाही.

मे महिन्यात मी पत्र टाकलं आणि त्यानंतर तू हरलाच नाहीस. जिंकणाऱ्या पिचरशी बोलायचं नाही हे तुला मीच शिकवलं ना? मग मी कसा बोलणार? अर्डिथला सांगायची सोय नव्हती, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुझ्या आईने दगड म्हटलं, म्हणू दिलं. तुझं नाव निघालं की मी उठायचो, कारण बसलो असतो तर बोलून गेलो असतो.

राग कसला रे? तू गेलास त्या दिवसापासून गाईंना तुझ्याशिवाय दुसरं काही ऐकायला मिळालेलं नाही.

कणसं तोडायला माणसं मिळतात. तू तिथेच राहा. चेंडू सोडताना घाई करतोयस असं वाटलं, खांदा जरा मागे ठेव.

गुरुवारी पुन्हा तुझी पाळी आहे म्हणतात. माझ्या पुढच्या पत्राची वाट पाहू नकोस. ते फार फार उशिरा यावं, एवढंच देवाजवळ मागतो.

तुझा,
बाबा