दहा किलोंचं जाकीट

३ जानेवारी, सकाळी ६.४०
अण्णांना खाली न्यायचं. ठरलं. तिसरा मजला, चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. चौदा महिने त्यांनी रस्ता फक्त खिडकीतून पाहिला आहे. काल चहा पिताना म्हणाले, "एकदा दुकानासमोर उन्हात बसव रे. मग काही मागणार नाही." दुकान म्हणजे समोरच्या फुटपाथला लागून असलेलं त्यांचं शिवणाचं दुकान. आता तिथे दुसरा टेलर बसतो.
मी कॉलेजात ज्युदो करायचो. पाठीवर माणूस घेणं मला येतं. (यायचं.) अण्णा एकोणपन्नास किलो. आधी तयारी, मग अण्णा.

५ जानेवारी
ज्युदोच्या क्लासला नाव घातलं. सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, तरी मी त्यांना सर म्हणतो आणि ते मला काका. म्हणाले, वजनी जाकीट घालून वावरा. घरात, जिन्यात, ऑफिसात. अंगाला सवय झाली की ते हलकं वाटू लागतं. तेव्हा समजायचं, तयार झालात.
जेवताना हे सगळ्यांना ऐकवलं. अण्णांनी दोनदा विचारलं, "हलकं वाटलं की नेणार ना?" म्हटलं, त्याच दिवशी.
ही म्हणाली, "वडिलांना खाली न्यायचंय, चंद्रावर नाही. खालच्या इस्त्रीवाल्याला हाक मारा, खुर्चीत बसवा, दोघांनी उचला. पाच मिनिटांचं काम." मी म्हटलं, अण्णा म्हणजे कपाट नव्हे.

१६ जानेवारी
जाकीट तयार. अण्णा विकतचं नको म्हणाले, स्वतः शिवलं. जाड कॅनव्हास, वीस कप्पे, प्रत्येकात अर्धा किलो रेती, तोंडं हातशिलाईने बंद. आठ दिवस लागले. हात थरथरतो, टाका मात्र सरळ. माप घेताना म्हणाले, "पोट आत घेऊ नकोस. कापडाला फसवता येत नाही."
घालून जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावर जरा बसलो. दृश्य पाहायला. तिथे विजेचे मीटर आहेत.

२२ जानेवारी
गुडघा. दोन दिवस विश्रांती. (आज पाचवा.) ऑफिसात जाकीट घालून गेलो होतो. कॅशियर म्हणाला, "लाइफ जॅकेट का? ऑफिस बुडतंय, आम्हाला सांगितलं नाही कुणी." सगळे हसले. मोठ्या कामाची सुरुवात अशीच होते. तरी आता ऑफिसच्या वेळेत जाकीट घरीच.

३० जानेवारी
एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. अण्णा बाथरूममध्ये पडले, असं मी सर्वांना सांगतो. तेव्हाच्या वहीतही तसंच लिहिलं आहे. ते पडले नाहीत. मी त्यांना धरलं होतं. खिशात फोन वाजला आणि मी एक हात सोडला. खुबा मोडला. अण्णांनीच डॉक्टरांना सांगितलं, "फरशी ओली होती." फरशी कोरडी होती.
म्हणून तयारी पूर्ण हवी. यात पळवाट नाही. (असेल का? नाही.)

८ फेब्रुवारी
जाकीट हलकं वाटू लागलं! न थांबता तिसरा मजला. मीटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
अण्णांना सांगितलं. त्यांनी लगेच चपला मागितल्या. म्हटलं, घाई नको, पक्कं होऊ दे. चपला पलंगाखाली परत सरकवल्या.
बाकी त्यांची तब्येत सुधारते आहे. मी ऑफिसात गेलो की चिंध्यांची जुनी पिशवी घेऊन बसतात म्हणे, ही सुईत दोरा ओवून देते. छंद लागला, चांगलं झालं.
बाल्कनीतला गुलाब मात्र माना टाकतोय. कुंडीत भलतीच रेती. कुठून आणलीस असली माती, म्हणून हिला झापलं. ही गप्प राहिली. माझ्या अंगी वजन आल्याचा हा परिणाम असावा.

२० फेब्रुवारी
अंग पिसासारखं. सरांनी जाकीट हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "काका, हे नक्की दहा किलो आहे? काट्यावर ठेवू या का?" मत्सर, दुसरं काय! वडिलांच्या मापावर मी शंका घेत नाही, असं बाणेदारपणे सांगितलं.
घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "आता तरी हलकं झालं?" म्हटलं, इतकं, की दहा पुरत नाही. पंधरा करू. अजून दहा कप्पे जोडाल? त्यांनी खिडकीतून समोरच्या दुकानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बघू. कापड उरलंय का ते."
अण्णांचं वजन चव्वेचाळीस. खाणं उतरलंय. उचलण्याच्या दृष्टीने पाहता हे
वरचं वाक्य पुरं करत नाही. लाज वाटली.

४ मार्च, रविवार
आज नेणार होतो. सकाळी ढग होते. ऊन नसताना उन्हात कसं बसवणार? (अकराला लख्ख पडलं. तोवर चपला आत गेल्या होत्या.) पुढचा रविवार नक्की. लिहून ठेवतो: नक्की.

१० मार्च, शनिवार, सकाळी ७.५०
उद्या. आज क्लासात रंगीत तालीम. पन्नास किलोंचं पोतं पाठीवर घेऊन जिना उतरायचा. अण्णा उठले नव्हते. निघतो.

१३ मार्च
पोतं उतरवलं. कुठेही टेकवलं नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. फोन मुद्दामच बॅगेत बंद करून ठेवला होता, हात सुटू नये म्हणून. बाहेर आलो तर सात मिस्ड कॉल.
पुढचं हिने सांगितलं तसं. साडेनऊला अण्णांना धाप लागली. इस्त्रीवाला वर आला आणि त्याने त्यांना एकट्यानेच दोन्ही हातांवर घेतलं. म्हणाला, "वहिनी, यांना काही वजनच नाही हो." चोपन्न पायऱ्या. अॅम्ब्युलन्स यायला बारा मिनिटं लागली. तेवढा वेळ अण्णा दुकानासमोर स्टुलावर बसले होते, हिच्या खांद्याला टेकून. ऊन होतं. टेलरला म्हणाले, "मशीनला तेल घाल, आवाज येतोय." मग हिला दोनदा विचारलं, "हा आला का?"
मी हॉस्पिटलात साडेअकराला पोचलो. अण्णा अकराला गेले होते.
पायात चपला होत्या.

२५ मार्च
जाकीट काट्यावर ठेवलं. दोन किलो शंभर ग्रॅम. काटा बिघडला असेल म्हणून त्यावर साखरेची पिशवी ठेवली. काटा बरोबर आहे.
उसवलं. सतरा कप्प्यांत चिंध्या, अगदी घट्ट भरलेल्या. माझ्या शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा. हिच्या लग्नातल्या ब्लाउजचं अस्तर. अण्णांच्या स्वतःच्या कोटाची बाही. दोन कप्प्यांत रेती. विसावा अर्धाच उसवलेला, त्यात सुई.
हिला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "रोज एक कप्पा. रेती मीच कुंडीत टाकायचे. म्हणायचे, जाकीट हलकं झालं की त्याला धीर येईल." मग तेव्हाच इस्त्रीवाल्याला का नाही बोलावलंस? हिने डोळे पुसले. "दहादा म्हटलं मी. ऐकेनात. 'त्याच्याच हातून उतरेन,' म्हणायचे. 'नाहीतर त्या फरशीचं त्याच्या मनातून जायचं नाही.'"
म्हणजे फरशी त्यांना आठवत होती.

२६ मार्च
कुंडीतली रेती काढून, चाळून, वीसही कप्पे पुन्हा भरायचे ठरवलं. उद्यापासून दहा किलो, खरे.

२७ मार्च
नाही भरले. दोन किलोंचंच घालून जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावर बसावं लागलं.
विसाव्या कप्प्यातली सुई गंजेल. काढून ठेवावी का, ठरत नाही.