पन्नास सेकंदांच्या पुढे

प्रिय तोफ,

काल सकाळी सपोर्टच्या खोलीत मी एका नव्या इंजिनिअर मुलीची सगळ्यांना ओळख करून दिली, आणि दहा मिनिटांत तिने सगळ्यांदेखत दाखवून दिलं की गेली नऊ वर्षं मी तुझ्याबद्दल खोटं शिकवते आहे. म्हणून हे पत्र. नऊ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा ख्यालीखुशाली विचारायचं माझं तोंड नाही. एवढंच कळवते की ह्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नीट झाली, आणि आता घरातली धूळ त्यांना माझ्याआधी दिसते.

नव्या माणसाचा पहिला दिवस आमच्याकडे कसा असतो ते तुला माहीत नाही, कारण ती पद्धत तू गेल्यावर मी सुरू केली. ओळख झाली की मोठ्या स्पीकरवर एक रेकॉर्डिंग ऐकवायचं : ग्राहकाशी कसं बोलू नये. पन्नास सेकंदांचं. हॉस्पिटलच्या औषधकोठीतली एक मुलगी फोनवर चाचरत सांगते की नव्या अपडेटनंतर लेबलं एक ओळ खाली सरकल्यासारखी वाटताहेत. आणि मग तू. अगं, हात काढ त्या माऊसवरून! छापणं थांबव आधी! अक्कल गहाण ठेवलीस का, एक बाटली बाहेर जाता कामा नये! इथे मी थांबवते आणि विचारते, किती चुका? सगळे बोटं मोजतात. अगंतुगं केलं, आवाज चढवला, अक्कल काढली. दरवेळी हशा पिकतो. तुझं नाव मी कधी घेतलं नाही; एवढा सभ्यपणा तरी पाळला, असं मला वाटत होतं.

काल ती मुलगी हसली नाही. मी दरडावलं, काय गं, तुला चुका दिसल्या नाहीत का? ती उभी राहिली आणि म्हणाली, मॅडम, पुढचं लावा ना. मी म्हटलं, पुढे काही नाही. तर म्हणे, आहे, चांगलं एक्केचाळीस मिनिटं आहे. पलीकडे मीच होते.

तोफ, मी खुर्ची ओढली आणि ऐकायला बसले. मी वर्गात कधी खाली बसत नाही.

मग तिनेच सांगितलं. लेबलांवरची नावं सरकली होती, एकाच्या औषधावर दुसऱ्याचं नाव. चूक आपल्या सॉफ्टवेअरची. तिला त्यातला धोका कळला नव्हता, तुला तिच्या एका वाक्यात कळला. मुलांच्या वॉर्डात एकोणीस बाटल्या आधीच पोचल्या होत्या. तू तिला मोबाइल कानाला लावूनच जिने चढायला लावलेस, एकेक बाटली मोजून परत घ्यायला लावलीस. अठरा मिळाल्या, एकोणिसावी सापडेना, तेव्हा ती रडायला लागली. तर तू म्हणालीस, रडायचंय तर संध्याकाळी रड, मीही येते सोबतीला, आत्ता सिस्टर कुठे आहे ते बघ. सिस्टर एका पलंगापाशी होती. बाटलीचं बूच उघडलेलं, चमचा भरलेला.

जेवणाच्या सुट्टीत मी मूळ रेकॉर्डिंग शोधून सगळं ऐकलं. दोनदा. चमच्याच्या त्या जागी तू गप्प होतेस, आणि मग इतक्या हलक्या आवाजात शाब्बास म्हणतेस की तो आवाज तुझा वाटतच नाही.

तुझ्या त्या कॉलबद्दलची तक्रार त्या मुलीने केलीच नव्हती. तुझा आवाज तिच्या मॅनेजरने शेजारून ऐकला, आणि त्याने फक्त भाषेबद्दल लिहिलं. बाटल्यांबद्दल तो कशाला लिहितोय? सॉफ्टवेअरच्या दोषाची नोंद तू त्याच दुपारी केली होतीस. त्या नोंदीवर माझी सही आहे. तक्रारीवरही माझीच सही आहे, तारीख तीच. दोन कागद मी शेजारी ठेवून वाचले नाहीत. तू माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणालीस, हेडबाई, एकदा पूर्ण ऐक. मी म्हटलं, ऐकायला उरलंय काय? कॉलेजात प्रयोगशाळेत गॅस सुटला तेव्हा तू सरांनाच ‘बाहेर व्हा’ म्हणून ओरडली होतीस आणि ते महिनाभर फुगून बसले होते. तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त हसले ते मी. मैत्रिणीला पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये, याचीच मला त्या दिवशी धास्ती होती. तू राजीनामा ठेवलास आणि मी तो वाचून त्यातली तारीख दुरुस्त करून घेतली. तेही मला काल आठवलं.

संध्याकाळी निघताना ती मुलगी दारात थांबली आणि तिने विचारलं, त्या बाई कुठल्या मजल्यावर बसतात? औषधकोठी सोडून ती कॉम्प्युटर शिकली ती तुझ्या शेजारची खुर्ची मिळावी म्हणून. तू इथे नाहीस, आणि कुणामुळे नाहीस, हे मला तिच्या डोळ्यांत बघून सांगावं लागलं. तिने फक्त तुझा पत्ता मागितला. माफीसाठी मी हे लिहीत नाही. ती द्यायची की नाही ते तू तुझ्या सवडीने ठरव. मी लिहिलं ते अशासाठी की हे पत्र घेऊन तुझ्या दारात जी उभी आहे, ती तीच. तिला आत घे.

तुझीच,
हेडबाई

आज सकाळी सव्वादहाला तिच्या हाती दिलं ते असं : मूळ रेकॉर्डिंग, न कापलेलं. त्या तक्रारीवरून मी तुझ्या फाइलमध्ये मारलेला ताशेरा, रेघ मारून रद्द केलेला, खाली माझी सही आणि कारण. पन्नास सेकंदांचा तुकडा, त्याची दुसरी प्रत इथे ठेवलेली नाही. आणि नव्या माणसांचा पहिल्या दिवसाचा तास, जो यापुढे ती घेईल.