चाकामागचा दगड

बाबा, तुम्ही मला विसरला असाल याची खात्रीच आहे. डोक्यावर टोपी असताना टोपी शोधत आख्खं वावर पालथं घालणारा माणूस तुम्ही. तिकडे जाऊन इतकी वर्षं झाली, आता पोरीचं तोंड कुठून आठवणार? म्हणून आधी ओळख सांगते. मी तुमची थोरली. तुमच्या मेटाडोरचा हँडब्रेक. आता आठवलं असेल, कारण चाकाला दगड लावायची वेळ आली की माझी आठवण तुम्हाला बरोबर यायची. हे पत्र नात लिहून राहिली. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते, म्हणते कागदावर असंच शोभते. शोभू दे. मी आज रागात आहे, आणि राग शुद्ध लिहिला काय नि अशुद्ध लिहिला काय, तेवढाच पोळतो.

सकाळी कुरडया वाळत घातल्या होत्या. राजापेठेतल्या आमच्या घराला अंगण म्हणजे गाडीपुरतीच जागा, म्हणून कावळे हाकलत मी गाडीच्याच सावलीत बसले होते. ही गाडी मुलाची, पण सोमवारपासून नात चालवणार आहे. तिला अकोल्याच्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. तुमच्या घराण्यात शिकवणारी ती पहिली, हे ऐकून तिकडे मिशीला पीळ भरू नका, तुमचा त्यात काही हात नाही. तर समोरचं चाक वळलेलं होतं, आणि माझा हात सहज टायरच्या आतल्या अंगावर गेला. बाहेरून बरं दिसणारं टायर आतून पार टक्कल पडलेलं. नख घातलं, बुडलं नाही. उरलेल्या खाचांमधे उन्हानं चिरा पडलेल्या, भेगाळलेल्या टाचेसारख्या. अमरावती ते अकोला सगळा डांबराचा रस्ता, त्यावर वैशाखाचं ऊन. त्या रस्त्यावर दुपारी चप्पल चिकटते, तिथं हे टायर किती तग धरणार?

मुलगा बाहेर आला, हातात लिंबू-मिरचीची नवी माळ. पोरीच्या गाडीला नजर लागू नये म्हणून. पन्नाशी गाठली, दुसऱ्याच्या पोरांच्या शिकवण्या घेतो, आणि आपल्या पोरीचा जीव लिंबावर टांगतो.

"हे टायर मेलं," मी म्हटलं. "सोमवारी पोरगी ह्याच्यावर अकोल्याले जाईन?"

"चालते नं, माय. दसऱ्याले तं पूजा केली गाडीची."

"पूजा केली तवा हार घातला का नख घातलं?"

"पावसाळ्याच्या आंधी बदलू. आता उन्हायात कुठं गाडी घसरते?"

"उन्हायात घसरत नाही, फुटते!"

तर तो हसला. वाईट मनानं नाही, पण हसला. "तुले सई करता येत नाही माय, अन् टायरचं सांगून राहिली?"

मी आत गेले, खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली आणि कमरेला खोचली. अजून तिथेच आहे. मग नातीला म्हटलं, ये, बस, लिही.

आता सांगा बाबा, मला सही येत नाही ती कोणामुळे? आणि 'चालते नं' हा शब्द त्याला कोणी दिला? दोन वर्षं तुमच्या मांडीवर खेळला, तेवढ्यात उचललं पोरानं. तुमचं वावर गेलं, मेटाडोर भंगारात गेली, एवढा एक शब्द मात्र पिढ्या पुरेल इतका ठेवून गेलात. वायपर तुटला, चालते नं. एक दिवा गेला, चालते नं, चांदणं हाय. हँडब्रेकची तार तुटली, चालते नं, पोरगी हाय.

पातूरच्या वावरात झेंडू आणि वांगी. उजाडायच्या आत मेटाडोर भरायची, अकोल्याच्या बाजारात रिकामी करायची. मी सात-आठ वर्षांची, तुमच्या शेजारी बसलेली, मांडीवर दगड. गाडी थांबली की मी उडी मारते आणि मागच्या चाकाला दगड लावते. निघताना दगड काढते, पळत येते, चढते. गाडी थोडी सुरू झालेलीच असते, कारण तुम्हाला घाई. एक दिवस गुरुजी बांधावर येतात. "पोरीले शायेत पाठवा," म्हणतात. तुम्ही म्हणता, "पाठवतो नं गुरुजी, पण मंग गाडीले दगड कोन लावन?" आणि हसता. गुरुजीही हसतात. मी दगड घेऊन दोघांच्या मधे उभी. तुम्हाला तो विनोद वाटला बाबा. मला आजवर त्याचं हसू आलेलं नाही.

खोटं कशाला बोलू, एक गोष्ट तुम्ही शिकवली. टायर वाचायला. "पाटीवर काय हाय, टायरवरच समदं लिवलं हाय," म्हणायचे. माझं बोट धरून खाचेत घालायचे. नख बुडलं तर टायर जिवंत, नाही बुडलं तर मेलं. मधलं झिजलं तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, एकच कड झिजली तर चाक तिरपं पळून राहिलं. हवा बघायची ती सकाळी, गाडी धावायच्या आधी, टायर थंड असताना. रेडिएटर उकळला तर झाकणाला हात नाही लावायचा, आधी विडी ओढायची. हे सगळं मला पाठ, आणि तुम्ही स्वतः फिरायचे मेलेल्या टायरवर. वाचायला शिकवलं आणि वाचलेलं मानलं नाही. माझ्या मुलानं निदान एवढं तरी वेगळं केलं, तो वाचतच नाही.

तो घाटातला दिवसही असाच उन्हाचा. अकोल्याहून परत येताना तुम्ही आणखी पुढच्या गावी कोणाचं सामान पोचवायला निघाले. चढावर इंजिन उकळतं. तुम्ही गाडी थांबवता, मी उतरते, तुम्ही विडी पेटवता, आणि मागच्या बाजूला पाण्याचा डबा काढायला जाता. गाडी मागे सरकते. हळूच, बैल सरकावा तशी. तुमचा पाय चाक आणि रस्त्याकडेच्या कठड्यामधे. तुमची ती किंकाळी मला अजून उन्हाळ्यात ऐकू येते. पुढे आयुष्यभर लंगडलात. गावात ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, "दगड निसटला." आईनं माझ्यावर हात उगारला तर तिलाही तेच सांगितलं, "पोरीचा काही दोष नाही, दगडच गुळगुळीत होता."

मग खाटेवरून उठल्यावर तुम्ही काय केलं? मला वाटलं, आता तरी तार टाकतील. हँडब्रेक दुरुस्त झाला की मी शाळेत. मनात मी दप्तरसुद्धा शिवून ठेवलं होतं. तुम्ही लंगडत नदीवर गेले आणि मोठा दगड आणला. एका बाजूनं सपाट, निसटणार नाही असा. माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "हा चालते." बाबा, पाय मोडला तरी तार नाही टाकली. दगड मोठा केला. त्या दिवशी मी जी रागावले, ती अजून तशीच आहे. तुम्ही मेले त्या दिवशी मी रडले, पण रागावूनच रडले.

एवढं लिहून झालं तेव्हा नातीनं हात थांबवला. उठली, बापाजवळ गेली आणि म्हणाली, "बाबा, एकदा बोट लावून पाहा." त्यानं लावलं. खालून, आतल्या अंगाला, जिथं हार पोचत नाही तिथं. मग किल्लीसाठी माझ्यापुढं हात केला. मी म्हटलं, "कुठं जातो?" म्हणाला, "टायरवाल्याकडं, दुसरीकडं कुठं?" किल्ली दिली. तो निघाला तर मागून ओरडून सांगितलं, "स्टेपनीतही हवा पाह्य! अन् वायपरचं रबर बदल, उनानं कडक झालं!" गल्लीतल्या लोकांना वाटलं, म्हातारी भांडून राहिली. होतेच भांडत.

तासाभरानं आला. समोरची दोन्ही टायरं नवी, चाकं सरळ केलेली. टायरवाल्यानं जुनं टायर हातात घेऊन त्याला विचारलं म्हणे, "हे घेऊन पोरीला हायवेवर सोडणार होते, सर?" सर मान खाली घालून सांगत होते. मग माझ्यासमोर उकिडवे बसले, नव्या टायरच्या खाचेत नख घातलं आणि म्हणाले, "माय, बुडते." लहानपणी पाढा म्हणून दाखवायचा तसा. मी म्हटलं, "बरं. आता ते लिंबू लाव, लावायचं तं."

पत्र इथंच संपवणार होते. तुम्हाला शिव्या देऊन झाल्या, काम झालं. पण नात विचारते, "आजी, सपाट दगड आणला, मग पहिला खरंच निसटला होता का?" शिकलेली पोरगी, नेमकं तेच विचारते. तर लिही.

दगड निसटला नव्हता बाबा. मी लावलाच नव्हता. गाडी थांबली त्याच्या शेजारी मैलाचा दगड होता, त्यावर अकोला लिहिलेलं. पहिलं अक्षर गोल गोल, काळं. दगड खाली ठेवून मी त्याच्यावरून बोट फिरवत बसले. मनात म्हटलं, गाडी तर उभीच आहे, एवढं एक अक्षर होईपर्यंत चालते. पाय सापडल्यावर तुम्ही वळून पाहिलं होतं. माझा दगड माझ्या पायाजवळ पडलेला तुम्हाला दिसला होता. तरी गावभर खोटं बोलले, आणि मला कधी एका शब्दानं विचारलं नाही.

ते अक्षर तेवढं मला येते अजून. खाली मीच काढलं आहे, वाकडं आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी करून त्या सपाट दगडाखाली ठेव पोरी. तो दगड लोणच्याच्या बरणीवर आहे. आणि उद्या अक्षय तृतीया, माझ्या बाबांचं पान गच्चीवर पाठवशील तर चिंचवणीत गूळ जास्त घाल, आंबट त्यांना चालत नसे. कुरडया मात्र आजच्याच तळ, दोन मोडक्या आहेत त्या नको, चांगल्या पाठव.