तुम्ही लिहिलेला माझा अर्ज

बाबा, तुमची नात बारावी झाली. आता ती पुण्याच्या एका कॉलेजचा फॉर्म भरते आहे, आणि त्यात एक निबंध आहे : तुम्हाला इथं का शिकायचं आहे, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. आमच्या कॉलनीत हे निबंध आईबाप लिहितात, काही जण तर त्यासाठी माणूस लावतात. शेजारीण परवा मला विचारत होती, “तुमचा झाला का लिहून?” मी तिला सांगून टाकलं की मी एक ओळसुद्धा लिहिणार नाही. जरा जोरातच सांगितलं असावं, कारण ती चहा अर्धा टाकून गेली.

तिला काय माहीत, मी कुणाची मुलगी ते. सौंसरच्या तहसीलीसमोर कडुनिंबाखाली पत्र्याची पेटी मांडून बसणारे अर्जनवीस होता तुम्ही. रामाकोन्याची, बोरगावची माणसं तासभर आपलं गाऱ्हाणं सांगत, आणि तुम्ही ते आठ ओळींत बसवत होता. ऐंशीनंतरची ती वर्षं. मला नागपूरच्या अध्यापक विद्यालयात जायचं होतं. तिथली जागा हुकली असती तर पांढुर्ण्याचं एक स्थळ जवळजवळ ठरलेलंच होतं. विद्यालयाच्या फॉर्मसोबतही एक पानभर लिहून द्यायचं होतं, शिक्षिका का व्हायचं आहे ते.

त्या दुपारी मी तुमचा डबा घेऊन आले आहे, आणि तुम्ही डबा न उघडता एक कागद माझ्या हातात देता. मी काही न मागता तुम्ही माझं पान लिहून ठेवलं आहे. आपल्याकडं तहसीलीचं काम हिंदीत, त्यामुळं एरवी हिंदीत अर्ज लिहिणारे तुम्ही, माझ्यासाठी मराठीत लिहिलंत. अर्जदार अत्यंत गरीब व निराधार असून हुजुरांनी दया करावी, अशी विनंती. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, तीस वर्षांच्या सवयीनं, एक रिकामा चौकोन : निशाणी अंगठा. शाळेची शेवटची परीक्षा मी पहिल्या वर्गात पास झाले होते, बाबा. मला भयंकर राग आला.

“निराधार कशी? तुम्ही हाये ना,” मी म्हणाले. “अन् सही येते मले.”

तुम्ही चौकोनाकडं बघितलंत आणि कानापर्यंत लाल झालात. पण मागं हटला नाहीत. “सायबापुढं ताठ बोलणाऱ्याचा अर्ज तळाशीच राहते, पोरी,” एवढंच म्हणालात.

मी तुमच्याच पेटीवर कोरा कागद ठेवला आणि तहसील सुटेपर्यंत लिहीत बसले. लिहिलं की माझ्या वडिलांकडं रोज बाया येतात, आपलंच दुःख दुसऱ्याच्या तोंडून सांगतात, आणि वर काय लिहिलं ते न कळता खाली अंगठा देऊन जातात. त्यांच्या मुलींनी स्वतःचा अर्ज स्वतः लिहावा, म्हणून मला शिकवायचं आहे. तुम्ही ते दोनदा वाचलंत. “माझंच दुकान बंद करून राहिली का तू?” तुम्ही विचारलंत. माझ्या पानात चुका होत्या, मला आज आठवतात त्याच चार तरी होत्या. तुम्ही खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि एकही चूक न दुरुस्त करता टोपण पुन्हा लावलं. मग स्वतः पोस्टात जाऊन रजिस्ट्री करून आलात.

जागा मिळाली. तेहतीस वर्षं शिकवलं. कुणी विचारलं की आईबापानं मुलांना किती मदत करावी, तर मी ते टोपण लावणं सांगते. तुमचा पहिला कागद मात्र मी कधी कुणाला सांगितला नाही. माझ्या वतीनं हात जोडताना तुम्ही किती भ्यालेले असाल, हे मला तेव्हा दिसलं नाही, आणि तुम्ही होता तोवर विचारायचंही राहिलं.

मुलीच्या निबंधाला मी हात लावणार नाही, हे पक्कं आहे. खरं सांगायचं तर तिनं मला विचारलेलंच नाही. तरी माझ्या टेबलाच्या खणात दोन पानं लिहून तयार आहेत, आणि त्यात मी तिला आहे त्याहून बरीच बिचारी करून ठेवलं आहे.