शेवटचं पान

सातारा,
१४ जून १९९४

ती. प्रियदर्शनीताईस,
नागसेनचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू शिव्या घालत असशील, त्या इथवर ऐकू येतात. पण सगळा महिना दवाखान्यात गेला. आबांचा डावा डोळा गेलाच. उजव्याला उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. साखरेनं मूत्रपिंडंही धरलीत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता दिवस मोजायचे. आबांना मी यातलं काही बोललो नाही, पण त्यांना कळलंय.

त्यात छापखाना बंद झाला. भाऊसो मालकांच्या पोराने ऑफसेटचं दुकान टाकलं आणि अक्षरांचे शिशाचे खिळे भंगारवाल्याने पोत्यांत भरून नेले. पस्तीस वर्षं ज्या खणांतून आबा एकेक अक्षर उचलत होते, त्या खणांत आता मालकांची सून लसूण वाळवते. हे आबांना कोणी सांगितलं कोण जाणे. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावलाय. आईच्या ओव्यांची ती चोपडी हवी. तुला आठवते का? अठ्ठावन्न साली आबांनी सुट्टीच्या दिवशी छापखान्यात बसून स्वतः जुळवली होती, ‘घरातल्या ओव्या’. शेवटच्या पानावर आईचं नाव छापलंय म्हणून आई शेजारणींना दाखवायची, असं आत्या सांगायची. आपल्या घरात एकही प्रत उरली नाही. पण थोरले मालक छापलेल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत सांगलीला तुमच्या ग्रंथालयात धाडायचे, असं आबा म्हणतात. चोपडी सापडली की आधी शेवटचं पान वाचून दाखव, असा त्यांचा हुकूम आहे.

ताई, एवढं कर. आमच्या साहेबिणीला पुस्तकांतून वेळ मिळत नाही हे ठाऊक आहे, पण ही चोपडी तुझ्याच आईची आहे.

तुझी भावजय अक्षता हिचा जयभीम. आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझा,
नागसेन


सांगली,
३ जुलै १९९४

चि. नागसेन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

चोपडी सापडली. पण हे पत्र आबांच्या पुढ्यात उघडू नकोस. आधी तू एकटा वाच.

अठ्ठावन्नची दाखल-नोंदवही काढली. त्यात ‘घरातल्या ओव्या’, मुद्रणालयाचं नाव, सगळं आहे. कर्त्याच्या रकान्यात मात्र नुसती रेघ. जुन्या कारकुनाने आळस केला असणार, असं म्हणून मी त्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. मग क्रमांकावरून कपाटापर्यंत गेले आणि समोर मीच बांधून घेतलेला पुठ्ठा दिसला.

पाच वर्षांपूर्वी अनुदानाची तपासणी होती. पातळ चोपड्यांचा ढीग पडला होता. कोंडीबा बाइंडरला मीच सांगितलं की कव्हरं आणि फाटकी शेवटची पानं काढून टाक, कडा काप आणि दहा-दहा चोपड्या एका पुठ्ठ्यात बांध. पानं जपायला वेळ नव्हता रे. तीनशे चोपड्या आठ दिवसांत उरकायच्या होत्या. मग एकेक कार्ड लिहीत गेले. या चोपडीचंही कार्ड आहे. अक्षर माझं. त्यावर मी लिहिलंय, कर्ता अज्ञात.

माझ्या आईला मी अज्ञात लिहिलं, नागसेन. आतली एक ओवी वाचली असती तरी ओळखलं असतं. आज वाचली.

दळण दळीता गं, जातं माझं बोलं काई
कुणाच्या उंबऱ्याला मान आता वाकत न्हाई

कपाटाशी उभी राहून मी लहान पोरीसारखी रडले. ओव्या सगळ्या आहेत, बावीसच्या बावीस. शेवटचं पान नाही. कोंडीबाला विचारलं, तर तो म्हणाला की बाई, ती रद्दी कवाच गेली.

आमचे ग्रंथपाल साहेब भले आहेत. ज्याने चोपडी जुळवली त्याने लेखी दिलं तर कार्ड बदलू, असं म्हणाले. पण आबांना हे सांगायचं कसं? ज्या पानासाठी त्यांचा जीव अडकलाय, ते मी फाडायला लावलं. तूच काही सुचव. थोरली असून तुझ्याकडे पदर पसरते.

छोट्या धम्मपालला पापा. या वेंधळ्या ताईवर माया असू दे.

तुझी,
ताई


सातारा,
१७ जुलै १९९४

ती. ताईस,
जयभीम. वि. वि.

मला लपवता आलं नाही. पत्र आल्याचं आबांनी पोस्टमनच्या आवाजावरून ओळखलं आणि मी अडखळत वाचायला लागलो तेव्हा म्हणाले की गाळून वाचू नगंस, साऱ्या जन्मात मी एक ओळ गाळली न्हाई. म्हणून सगळं वाचलं. ते दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. काल सकाळी मला हाक मारली आणि म्हणाले की मी सांगतो ते जसंच्या तसं लिही, सुधारू नगंस. पुढचं त्यांचं आहे.

चि. प्रियदर्शनी हिला आबाचा जयभीम आन आशीर्वाद.

पोरी, तू रडू नगंस. तू काय बी फाडलं न्हाईस. त्या पानावर तुझ्या आईचं नाव नव्हतंच.

आता नीट ऐक. चोपडी जुळवून झाली तवा थोरलं मालक म्हणालं, धोंडिराम, शेवटाला एक ओळ तुझी घाल. तवर मी धा वरसं लोकांची नावं जुळवत हुतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, वकिलांच्या पाट्या. माझं नाव कवा कुटं छापलं नव्हतं. आन छापखान्यातली पोरं हसाय लागली, की बायकोचं नाव छापतोय बघा, उद्या हिलाच मालकीण करंल. मला लाज वाटली. एका ओळीत दोन नावं बसली असती, पोरी. मीच बसवली न्हाईत. जुळणी, धोंडिराम लादे, एवढंच घातलं.

चोपडी घरी आणली. तुझ्या आईला वाचता येत नव्हतं. तिनं इचारलं, माझं नाव कुटं हाय. मी तिचं बोट धरलं आन माझ्या नावावर ठेवलं. म्हणलं, हे बघ. लय आनंदली. आळीत दाखवत फिरली. जो वाचणारा भेटंल त्यो काय बोलंल म्हणून माझा जीव टांगणीला. पण आमच्या आळीत तवा वाचणारं हुतं कोण?

तू दुसरी-तिसरीत असशील. तवापास्नं चोपडी पेटीत दिसंना. तिनं नवी ओवी बी केली न्हाई. का केली आसंल तर मला ऐकवली न्हाई. मी इचारलं न्हाई. अठरा वरसं एका ताटात जेवलो, पर इचारायचं धाडस झालं न्हाई. मग ती गेलीच.

शेवटचं पान वाचायला लावणार हुतो ते एवढ्यासाठी, की तुमी पोरांनी ते वाचून मला जाब इचारावा. आपल्या तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. आता पानच न्हाई म्हणल्यावर सांगावं लागलं.

कार्डावर तिचं नाव घाल. माझं घालू नगंस, तिच्या नावाला जोडून बी नगं. हे माझं लेखी समज. आन एक सांग. आईजवळ तूच जास्त हुतीस. तिला कळलं हुतं का? खरं काय आसंल ते लिही. मला बरं वाटावं म्हणून कायबी लिहू नगंस.

खाली आबांनी सही केलीय. तीन ओळींवर पसरलीय, पण त्यांचीच आहे. ताई, जे लिहायचं ते विचार करून लिही. आमच्यावर राग धरू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
नागसेन


सांगली,
२४ जुलै १९९४

तीर्थरूप आबांस,
प्रियदर्शनीचा त्रिवार जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि तुमचा फार राग आला. तीन दिवस पेन हातात धरवेना. आई असती तर तुमच्याशी भांडले असते, असं लिहून टाकायचं होतं. मग वाटलं, आई असती तर तिनेच मला गप्प केलं असतं.

कार्ड बदललं. आमच्याकडे बाईचं नाव लिहायची रीत ठरलेली, आधी आडनाव, मग तिचं नाव, मग नवऱ्याचं. साहेबांना तुमचं पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की रीत राहू द्या, लादेबाई, लिहा तुम्ही. मी लिहिलं, आक्काताई. पुढे-मागे काही नाही. रजा मिळाली की तुमच्यापाशी बसून बावीस ओव्या वाचून दाखवते. साहेबांनी पुठ्ठा घरी न्यायची परवानगी दिलीय.

आता तुम्ही विचारलंत त्याचं. एकदा कागदावर चुकीचं लिहून बसलेय, पुन्हा लिहिणार नाही.

मी दुसरीत होते. नवं-नवं वाचायला आलं होतं, दिसेल ते वाचत सुटायचे. एका दुपारी आईने पेटीतून एक चोपडी काढली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून, इथं काय लिहिलंय, असं विचारलं. मी खणखणीत वाचलं, जुळणी, धोंडिराम लादे. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं की अजून काही आहे का, बारीक अक्षरात, वर-खाली कुठे. मी सगळं पान बघितलं आणि नाही म्हणाले. ती चोपडी तिची होती हे मला कुठे ठाऊक? तिने मला बजावलं की आबांना सांगू नको मी विचारलं म्हणून. मला वाटलं, वाचता येत नाही याची तिला लाज वाटते. इतकी वर्षं मी तसंच समजत आले.

तिला कळलं होतं, आबा. मीच वाचून दाखवलं होतं.

चोपडीचं तिने पुढे काय केलं, ते मी पाहिलं नाही. तिने भाकरी बांधली, माझा हात धरला आणि रोजच्यासारखी आम्ही तुमची भाकरी घेऊन छापखान्यात आलो. तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि आज उशीर का झाला म्हणून विचारलंत. आई म्हणाली की पोरगी वाचायला शिकलीया, ते ऐकत बसले हुते. तुम्ही खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारलीत.

तब्येतीला जपा. मी येईपर्यंत थांबा, एवढी माया लेकीवर करा.

तुमची,
प्रियदर्शनी